मोजपट्टी कोणाच्या हाती? – ओझरच्या साठ वर्षांचा धडा

दि. १७ ऑक्टोबर २०२५ रोजी नाशिक जिल्ह्यातील ओझर येथे 'तेजस मार्क-१ए' या लढाऊ विमानाच्या उत्पादनाचा तिसरा विभाग संरक्षणमंत्र्यांच्या हस्ते सुरू झाला, आणि ओझरलाच बांधलेल्या अशा पहिल्या विमानाने त्याच दिवशी आकाशात झेप घेतली. त्यापूर्वी अवघे तीन आठवडे, २६ सप्टेंबरला, चंदिगड येथे वायुदलाने मिग-२१ ला अखेरचा निरोप दिला होता. ज्या विमानामुळे ओझरला कारखाना आला आणि गावाच्या नावापुढे 'मिग' ही अक्षरे कायमची चिकटली, ते निवृत्त झाले. ज्या धावपट्टीवर त्याच्या चाचण्या झाल्या, तिच्यावरूनच नवे विमान उडाले. वृत्तपत्रांनी या योगायोगाचा यथोचित गौरव केला. तो अनाठायी होता असे कोणी म्हणणार नाही. तथापि समाजवादी कार्यकर्त्याने अशा प्रसंगी गौरवाच्या पलीकडचा एक प्रश्न विचारला पाहिजे. साठ वर्षांच्या या यंत्रयुगाने ओझर परिसरातील श्रमिकाला आणि शेतकऱ्याला आपल्या जीवनावर अधिक सत्ता दिली, की त्याच्या हातची होती तीही काढून घेतली?

तंत्रज्ञानामुळे समाज झपाट्याने बदलतो, हे वाक्य आज इतक्या वेळा उच्चारले जाते की ते निसर्गनियमासारखे वाटू लागले आहे. पाऊस पडावा तसे तंत्रज्ञान येते, ज्याच्याकडे छत्री आहे तो वाचतो आणि ज्याच्याकडे नाही तो भिजतो. त्यात दोष कोणाचाच नाही, असा त्याचा गर्भितार्थ असतो. ही विचारसरणी सोयीची आहे, कारण ती निर्णय घेणाऱ्यांना अदृश्य करते. वस्तुतः कोणतेही यंत्र आपल्या पायांनी गावात येत नाही. ते कोणीतरी आणते, कोणाच्या तरी अटींवर आणते, आणि त्याच्या कामाचे माप कोणीतरी ठरवते. माप ठरवणारा कोण, या एका प्रश्नाच्या उत्तरावर बदलाचे फळ अवलंबून असते. ओझर हे गाव या सिद्धान्ताच्या परीक्षणासाठी विशेष उपयुक्त आहे, कारण तेथे एकाच शिवारात दोन अगदी भिन्न प्रयोग झाले. पहिला प्रयोग विमानांचा. तो सर्वांना ठाऊक आहे. दुसरा पाण्याचा, तो जाणकारांपुरताच राहिला.

परवान्यावर आलेले युग

भारतीय विमान उद्योगाची सुरुवात १९४० साली बंगळूर येथे वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानाच्या साह्याने केली. स्वातंत्र्यानंतर या उद्योगाने स्वतःचे लढाऊ विमान आखण्याचा धाडसी प्रयत्न केला. जर्मन अभिकल्पक कुर्ट टँक यांच्या मार्गदर्शनाखाली सिद्ध झालेल्या 'मरुत' विमानाचे पहिले उड्डाण १९६१ मध्ये झाले. परंतु त्या विमानाला साजेसे इंजिन देशाला अखेरपर्यंत मिळाले नाही. १९६२ मध्ये सोव्हिएत संघाशी मिग-२१ च्या उत्पादनाचा करार झाला. त्यानुसार विमानाचा सांगाडा नाशिकला, इंजिन ओरिसातील कोरापुटला आणि इलेक्ट्रॉनिक साधने हैदराबादला, अशी विभागणी ठरली. १९६३ मध्ये यासाठी स्थापन झालेली सरकारी कंपनी १ ऑक्टोबर १९६४ रोजी बंगळूरच्या कंपनीत विलीन झाली आणि हिंदुस्थान एरॉनॉटिक्स लिमिटेड हे नाव रूढ झाले. यशवंतराव चव्हाण त्या वेळी संरक्षणमंत्री होते आणि १९६३ मध्ये नाशिकमधूनच ते लोकसभेवर बिनविरोध निवडून गेले होते. मुंबई-आग्रा रस्त्यावरील, बाणगंगेकाठचे हे शेतकरी गाव अशा रीतीने जगाच्या शीतयुद्धाच्या नकाशावर आले.

आरंभी सोव्हिएत संघातून आलेले भाग जोडणे आणि पुढे, १९७० च्या सुमारास, कच्च्या मालापासून विमान बांधणे, असा क्रम लावण्यात आला. देशात सहाशेहून अधिक मिग-२१ बांधली गेली. त्यानंतर मिग-२७ आले. डिसेंबर २००० मध्ये सुखोई-३० साठी रशियाशी करार झाला आणि २००४ पासून ओझरची सुखोई वायुदलाच्या ताब्यात जाऊ लागली. अशी २२२ विमाने येथे बांधण्याची कामगिरी कारखान्याकडे आली. कष्ट, शिस्त आणि कौशल्य यांचा हा इतिहास आहे, आणि तो घडवणारा कामगार बव्हंशी साध्या घरांतून आलेला होता.

परंतु या इतिहासाला दुसरी बाजू आहे. टर्नरच्या हाती मायक्रोमीटर होता, पण कोणते माप बरोबर हे सांगणारा आराखडा परदेशातून आलेला होता. परवान्यावर वस्तू बनवता येते. ती वस्तू तशीच का, ती बदलायची कशी, तिच्या पुढची कोणती, हे ज्ञान परवान्यात मिळत नाही, आणि मिळाले तरी वापरण्याची मुभा नसते. म्हणून दर पिढीला कारखान्याने पुन्हा नव्या परवान्याची वाट पाहायची, असा क्रम पडला. सुखोईची मागणी संपत आली तेव्हा पुढे काय, ही चिंता ओझरच्या घराघरांत शिरली होती. डिसेंबर २०२४ मध्ये आणखी १२ सुखोईंचा सुमारे १३,५०० कोटी रुपयांचा करार झाला तेव्हा थोडा श्वास घेता आला. हजारो कुटुंबांची चूल मंत्रालयातील एका फायलीवर पेटावी किंवा विझावी, ही अवस्था तंत्रज्ञानाने आणलेली नाही. ती तंत्रज्ञानाच्या मालकीने आणलेली आहे.

'तेजस'चा आराखडा भारतीय आहे आणि या दृष्टीने तो खरा पालट आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये ८३ आणि सप्टेंबर २०२५ मध्ये आणखी ९७ विमानांचे करार झाले. ओझरच्या नव्या विभागाची क्षमता वर्षाला ८ विमानांची आहे. मात्र पहिल्या करारातील विमाने २०२४ च्या आरंभापासून मिळू लागायची होती, ती लांबली. या दिरंगाईचे एक प्रमुख कारण अमेरिकन कंपनीकडून येणाऱ्या इंजिनांना झालेला विलंब हे होते. 'मरुत'च्या वेळी देश जेथे अडला तेथेच, म्हणजे इंजिनापाशी, तो साठ वर्षांनंतरही अडतो. गतीचा एवढा गाजावाजा चाललेला असताना ही एक गोष्ट आश्चर्यकारक संथपणाने बदलली आहे, कारण मूलभूत संशोधनाचा खर्च दीर्घकाळ करण्याची तयारी ना राज्यकर्त्यांनी दाखवली, ना खाजगी भांडवलाने.

फाटकाच्या आत आणि बाहेर

सार्वजनिक क्षेत्रातील हा कारखाना सामाजिक दृष्टीने मोठी शाळा होता. देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतून आलेली कुटुंबे एका वसाहतीत राहू लागली. आयटीआयतून बाहेर पडलेला शेतमजुराचा मुलगा कायम नोकरीत फिटर झाला. सार्वजनिक उद्योगात राखीव जागा असल्यामुळे दलित व आदिवासी तरुणाला कुशल कामाचे दार उघडले, आणि जात न विचारता हुद्दा विचारण्याची सवय निदान फाटकाच्या आत तरी लागली. महिन्याच्या ठरावीक तारखेला हाती येणारा पगार, वैद्यकीय सोय, मुलांचे शिक्षण या गोष्टींनी एका पिढीत घराचा कायापालट केला. यंत्राने माणसाला मुक्त करावे अशी जी समाजवादी आकांक्षा आहे, तिचा अंशतः साक्षात्कार येथे झाला, हे मान्य केले पाहिजे.

परंतु ही मुक्ती उत्पादनाच्या निर्णयापर्यंत पोहोचली नाही. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने ४३-अ हे कलम मार्गदर्शक तत्त्वांत आले आणि उद्योगाच्या व्यवस्थापनात कामगारांचा सहभाग असावा असे राज्यसंस्थेला सांगण्यात आले. त्यासाठी १९९० मध्ये मांडलेले विधेयक कायदा होऊ शकले नाही. राष्ट्राच्या मालकीचा कारखाना आणि कामगारांची सत्ता या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे या अनुभवातून शिकण्याजोगे आहे. ज्या दिवशी मालकाचे धोरण बदलले त्या दिवशी हा भेद उघडा पडला. २०१८ मध्ये कंपनीचे भाग बाजारात आले. आज सरकारचा वाटा सुमारे ७२ टक्के उरला आहे. कायम कामगाराच्या शेजारी कंत्राटी कामगार उभा राहिला. सुटे भाग बनवण्याचे काम बाहेरील लहान कारखान्यांकडे सरकले, आणि एकाच विमानाचे भाग घडवणाऱ्या दोन हातांच्या मजुरीत व सुरक्षिततेत मोठी दरी पडली. १४ ऑक्टोबर २०१९ पासून देशभरातील एचएएलच्या कामगारांनी बेमुदत संप केला, त्यात ओझरही सामील होते. अधिकाऱ्यांना मिळालेली वाढ आणि कामगारांना देऊ केलेली वाढ यांतील तफावत हे त्या संपाचे कारण होते. न्यायालयाच्या आदेशाने तो थांबला; प्रश्न थांबला नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता अमलात आल्या आहेत. कंत्राटी कामगारविषयक तरतुदी लागू होण्यासाठी केंद्रीय कायद्यात पूर्वी २० कामगारांची मर्यादा होती, ती ५० झाली. कामगारकपातीसाठी सरकारची पूर्वपरवानगी घेण्याची मर्यादा १०० वरून ३०० वर गेली. संगणकनियंत्रित यंत्रावर काम करणाऱ्या लहान कारखान्यात पन्नास माणसे क्वचितच असतात. म्हणजे यंत्र जितके प्रगत, तितका कामगार कायद्याच्या कक्षेबाहेर, असा हा उफराटा न्याय आहे. आधुनिकीकरणाने माणसे कमी केली असे म्हटले जाते. खरे तर माणसे कमी करणाऱ्याला मोकळीक देण्याचा निर्णय विधिमंडळात झाला. यंत्राला मत नसते.

बाणगंगेकाठचा दुसरा प्रयोग

याच ओझरच्या शिवारात कारखान्याच्या भिंतीपलीकडे दुसरा प्रयोग घडत होता. दिंडोरी तालुक्यातील वाघाड धरणाच्या कालव्याने ओझरच्या शेतीला पाणी मिळायचे होते. कागदावर ते मिळत होते. पण ओझर हे कालव्याचे शेपूट. वरच्या गावांचे उपसे, चाऱ्यांची गळती आणि आवर्तनाची अनिश्चिती यांतून वाट काढत खाली पोहोचेपर्यंत पाणी आटलेले असे. महाराष्ट्रातील प्रत्येक कालव्याच्या पुच्छभागाची ही कहाणी आहे. पाण्यासाठी सात नंबरचा अर्ज भरायचा, पाटकऱ्याची मनधरणी करायची, आणि पाणी आले नाही तरी कोणाला जाब विचारता येत नाही. कारण किती पाणी यायला हवे होते हेच मुळी कोणी मोजलेले नसे. पाणीपट्टी क्षेत्रावर आणि पिकावर आकारली जाई, प्रत्यक्ष मिळालेल्या पाण्यावर नव्हे.

ओझरच्या समाज परिवर्तन केंद्राचे बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांनी या दुखण्याचे मूळ बरोबर हेरले. पाण्याच्या टंचाईइतकाच मापाचा अभाव हे ते मूळ होते. १९९० नंतरच्या पहिल्या वर्षांत महात्मा फुले, जय योगेश्वर आणि बाणगंगा अशा तीन पाणी वापर संस्था उभ्या राहिल्या. पाटबंधारे खात्याने ठरावीक ठिकाणी मोजून पाणी द्यावे, संस्थेने घनमापाने त्याचे पैसे भरावेत, आणि आत ते कोणाला कधी किती द्यायचे हे सभासदांनी एकत्र बसून ठरवावे, असा हा करार होता. पीक कोणते घ्यायचे याचे स्वातंत्र्य शेतकऱ्याला मिळाले. पट्टीची वसुली, चारीची दुरुस्ती आणि पाळीचे वेळापत्रक ही जबाबदारी संस्थेची झाली. बाणगंगेवर आणि ओढ्यांवर बंधारे बांधून त्यांत कालव्याचे पाणी सोडले गेले, विहिरी जिवंत झाल्या, आणि पाझराचे पाणी हीसुद्धा सामाईक संपत्ती आहे, तिचाही हिशेब द्यायला हवा, हा विचार रुजला.

येथे वापरलेले तंत्र कोणते होते? चारीच्या मुखाशी बसवलेले प्रवाहमापक, त्यावरची पट्टी, आणि नोंदवही. यातील एकही वस्तू नवी नव्हती; अभियांत्रिकीच्या पाठ्यपुस्तकांत ती कित्येक दशके होती. नवी गोष्ट इतकीच झाली की त्या पट्टीवरचा आकडा वाचण्याचा अधिकार शेतकऱ्याला मिळाला. या एका बदलाने खाते आणि शेतकरी यांच्या संबंधाचे रूप पालटले. 'पाणी द्या हो साहेब' ही विनवणी संपली आणि 'करारानुसार इतके यायचे होते, इतके आले' हा हिशेब सुरू झाला. विनवणीतून लाचारी आणि लाचारीतून लाच जन्मते. हिशेबातून नागरिक जन्मतो. शेपटाकडच्या या संस्थांचे यश पाहून वरच्या गावांतील शेतकरीही संघटित झाले. काही वर्षांतच वाघाड प्रकल्पाच्या संपूर्ण लाभक्षेत्रात २४ पाणी वापर संस्था झाल्या आणि त्यांचा प्रकल्पस्तरीय संघ उभा राहिला. २००५ मध्ये राज्याने सिंचन पद्धतींचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन करण्याचा अधिनियम केला. घनमापाने पाणी आणि संचालक मंडळात कालव्याच्या शीर्ष, मध्य व पुच्छ अशा तिन्ही भागांना प्रतिनिधित्व ही त्याची प्रमुख तत्त्वे होत. ओझरसारख्या ठिकाणच्या अनुभवाने या तत्त्वांना बळ दिले.

या प्रयोगाची मुळे नाशिक-धुळ्याच्या मातीत खोल आहेत. बागलाण, कळवण आणि साक्रीकडील नद्यांवर शेकडो वर्षे फड पद्धती नांदली. दगडी बंधारा, त्यातून निघालेला पाट, पिकांचे ठरलेले फड, आणि पाणी सोडायला गावाने नेमलेला पाटकरी, अशी ती व्यवस्था होती. बंधारा हे तिचे तंत्र आणि फड हा तिचा समाज. तंत्र आणि समाज एकमेकांना धरून होते म्हणून ती टिकली. पुढे मोठी धरणे आली. त्यांनी बंधाऱ्याहून कितीतरी पटींनी पाणी अडवले, पण फडाची जागा खात्याने घेतली. महात्मा फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात बंधारे व तळी यांचा आग्रह धरला आणि पाटबंधारे खात्याच्या कारभारावर आसूडही ओढले, हे येथे आठवावे. ओझरच्या एका संस्थेने त्यांचे नाव घेतले ते उगीच नव्हे.

द्राक्षाचा घड आणि युरोपची यादी

पाणी हमखास मिळू लागल्यावर निफाड-दिंडोरीच्या शिवारात द्राक्ष पसरले. ठिबक, संजीवके, शीतगृहे आणि निर्यात यांनी या भागाची शेती एका पिढीत ओळखू न येण्याइतकी बदलली. झपाट्याचा बदल म्हणजे काय, हे कारखान्यापेक्षाही येथे अधिक तीव्रतेने अनुभवास येते, कारण कारखान्यात नव्या विमानाची तयारी काही वर्षे चालते आणि बागेत सारे एका हंगामात होते.

२०१० सालचा प्रसंग या दृष्टीने उद्बोधक आहे. वेलीची वाढ आवरण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या क्लोरमेक्वाट क्लोराइड या रसायनाचे अंश युरोपातील तपासणीत आढळले. भारतात निर्यातीपूर्वी जी रसायने तपासली जात, त्यांच्या यादीत ते नव्हते. माल समुद्रापार गेल्यावर तो नाकारण्यात आला आणि शेतकरी व निर्यातदार यांना जबर फटका बसला. हे रसायन बाजारात उघडपणे विकले जात होते. मर्यादा ठरवणारा दूर, विकणारा जवळ, आणि नुकसान सोसणारा बागेत! प्रयोगशाळेतील सूक्ष्म मापनयंत्र हेसुद्धा एक तंत्रज्ञान आहे. ग्राहकाच्या आरोग्यासाठी ते आवश्यकही आहे. परंतु कालव्याच्या चारीवरची पट्टी शेतकऱ्याला वाचता येत होती. ही पट्टी त्याच्या दृष्टीआड होती. एकाच शिवारातील एकाच शेतकऱ्याची स्थिती पाण्याच्या बाबतीत नागरिकाची आणि बाजाराच्या बाबतीत प्रजेची असावी, याचे कारण त्याच्या अडाणीपणात शोधणे हा अन्याय आहे. पाण्यासाठी तो संघटित होता, बाजारासाठी नव्हता.

या आघातातून काही शेतकऱ्यांनी बोध घेतला. दिंडोरी तालुक्यातील मोहाडी येथे विलास शिंदे यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली 'सह्याद्री' ही शेतकरी उत्पादक कंपनी हे त्याचे मोठे उदाहरण. शेतकऱ्यांनी एकत्र येऊन तपासणी, साठवण, प्रक्रिया आणि निर्यात आपल्या हाती घेतली. हे यश निःसंशय मोलाचे आहे. तरीही येथे दोन गोष्टी नजरेआड करता येत नाहीत. २०२२ मध्ये या समूहातील प्रक्रिया-व्यवसायात युरोपीय गुंतवणूकदारांचे ३१० कोटी रुपये आले. भांडवल आपल्याबरोबर आपली मोजपट्टीही आणते, हा अर्थशास्त्राचा जुना नियम आहे. दुसरे असे की, परदेशी पैदासकारांच्या मालकीच्या नव्या द्राक्षजाती परवाना घेऊन आणि रॉयल्टी भरून लावल्या जात आहेत. मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र १९९७ पासून आहे. सार्वजनिक संशोधनाला पुरेसा पैसा आणि अग्रक्रम मिळता, तर शेतकऱ्याला वेलीसाठी परवाना शोधत फिरावे लागले नसते. विमानाचा परवाना आणि वेलीचा परवाना यांत तत्त्वतः काय फरक आहे? ओझरच्या भिंतीआत जे साठ वर्षांपूर्वी घडले ते भिंतीबाहेर आज घडत आहे.

मापाबाहेर राहिलेले

आता या साऱ्या चित्रातील सर्वांत मोठा दोष. पाणी वापर संस्थेचा सभासद जमीनधारक असतो. ज्याला जमीन नाही त्याला पाणी नाही, आणि ज्याला पाणी नाही त्याला मतही नाही. सातबारा बहुधा पुरुषाच्या नावे असल्याने बागेत दिवसभर राबणारी स्त्रीही या लोकशाहीच्या उंबरठ्यावर उभी राहते. २००५ च्या कायद्याने स्त्रियांसाठी जागा ठेवल्या, पण सभासदत्वाचा पाया जमीनच राहिला.

हंगाम सुरू झाला की पेठ, सुरगाणा या तालुक्यांतून आदिवासी मजुरांच्या टोळ्या द्राक्षपट्ट्यात उतरतात. छाटणी, घड विरळणे, संजीवकात घड बुडवणे ही कामे एकराच्या हिशेबाने उक्ती घेतली जातात. निर्यातीच्या द्राक्षाचा मणी किती मिलिमीटरचा असावा याचे माप आहे, त्यात साखर किती असावी याचे माप आहे, त्यावर कोणते रसायन किती उरावे याचे माप आहे. तो घड विरळणाऱ्या बाईच्या कामाचे तास किती असावेत, फवारणीनंतर किती काळाने तिने बागेत पाऊल टाकावे, तिच्या मुलाने शाळेचे कोणते दिवस बुडवू नयेत, याचे माप कोणाच्या वहीत आहे? डोंगराळ भागात पाऊस धो धो पडतो, पाणी खाली वाहून येते, आणि त्या पाण्यामागोमाग डोंगरातली माणसेही मजुरीसाठी खाली येतात. मापनाचे तंत्र अत्यंत प्रगत झालेल्या शिवारात श्रमाचे माप तेवढे कोणीच घेत नाही, ही अनवधानाने राहिलेली त्रुटी नव्हे. जे मोजले जात नाही त्याची किंमत द्यावी लागत नाही.

हे अटळ आहे काय? पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांनी १९७० च्या दशकात पाणी पंचायतीद्वारे वेगळा मार्ग दाखवला होता. पाणी माणशी, जमिनीच्या प्रमाणात नव्हे. आणि भूमिहीनाचाही त्यावर हक्क, ही त्या विचाराची सूत्रे होती. उपशाचे पंप इतर कोणत्याही योजनेतील पंपासारखेच होते. वाटपाचा नियम निराळा होता म्हणून परिणाम निराळा झाला. धनंजयराव गाडगीळ यांनी गोदावरी व प्रवरा कालव्यांच्या पाहणीत पाण्याच्या प्रत्यक्ष लाभाबरोबर अप्रत्यक्ष लाभांचाही हिशेब मांडला होता. तो अप्रत्यक्ष लाभ कोणाच्या पदरात पडतो हे तपासण्याचे काम आजच्या पिढीकडे आले आहे.

चळवळीपुढील काम

यंत्राविषयी समाजवाद्यांची भूमिका कधीच आंधळी नव्हती. यंत्रविरोध हा आपला मार्ग नव्हे आणि यंत्रपूजाही नव्हे. डॉ. लोहियांनी लहान यंत्राचा आग्रह धरला, त्यामागे चालवणाऱ्याला यंत्राचे नियंत्रण करता यावे ही दृष्टी होती. ओझरच्या अनुभवाने त्या दृष्टीत एक भर घालता येते. प्रवाहमापकासारखे लहान साधनही खात्याच्या कुलपात राहिले तर निरुपयोगी ठरते, आणि विमान कारखान्यासारखे अवाढव्य यंत्रसुद्धा, निर्णयात कामगारांचा वाटा असेल तर, लोकांचे होऊ शकते. आकार महत्त्वाचा आहे. अधिकार त्याहून महत्त्वाचा आहे.

यावरून काही निश्चित कामे पुढे येतात. कारखान्यात कायम आणि कंत्राटी कामगारांची एकजूट ही पहिली गोष्ट. समान कामाला समान वेतन हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये पंजाबमधील अस्थायी सरकारी कर्मचाऱ्यांच्या खटल्यात उचलून धरले आहे. ते विमानाचा भाग घडवणाऱ्या प्रत्येक हातापर्यंत नेणे हे संघटनेचे काम आहे. नवे यंत्र बसवण्यापूर्वी त्याचा रोजगारावरील परिणाम कामगारांसमोर मांडला जावा आणि पुनर्प्रशिक्षणाची हमी लेखी मिळावी, ही मागणी ४३-अ कलमाच्या आधाराने धरता येते. दुसरी गोष्ट पाण्याची. २००५ चा कायदा होऊनही राज्यातील अनेक पाणी वापर संस्था कागदावरच आहेत. मापक मोडलेले, आणि मोजणी अंदाजाने. प्रत्येक तालुक्यातील कार्यकर्त्यांनी आपल्या चारीवरचा मापक चालू आहे काय एवढे जरी पाहिले, तरी तो मोर्चाइतकाच मोलाचा कार्यक्रम ठरेल. त्याबरोबर बागेत राबणाऱ्या स्त्रीचे सातबाऱ्यावर नाव आणि भूमिहीनांचा पाण्यात वाटा हे प्रश्न संस्थांच्या सभांत मांडले पाहिजेत, मग ते सभासदांना रुचोत वा न रुचोत. तिसरी गोष्ट संशोधनाची. इंजिन असो वा द्राक्षाची जात, सार्वजनिक पैशातून निर्माण झालेले ज्ञान सार्वजनिक राहिले पाहिजे आणि त्यासाठी पुरेसा पैसा उभा केला पाहिजे. चौथी आणि सर्वांत निकडीची गोष्ट द्राक्षमजुरांची. टोळीने येणाऱ्या मजुरांची नोंद, किमान वेतन, फवारणीपासून संरक्षण आणि मुलांच्या शिक्षणाची सोय या चार गोष्टींवर निफाड, दिंडोरी, पेठ व सुरगाणा या तालुक्यांतील कार्यकर्त्यांनी एकत्र मोहीम हाती घेण्यास याहून योग्य वेळ नाही. जी निर्यात-व्यवस्था घड कोणत्या बागेतला हे युरोपातील ग्राहकाला सांगू शकते, तिला तो घड कोणत्या मजुरीवर विरळला हे नोंदवणे अशक्य आहे, असे कोणी म्हणू नये.

पुढील काळात याहून वेगाने नवी यंत्रे येतील. जमिनीतला ओलावा सांगणारी साधने बागेत येतील आणि कारखान्यात माणसाच्या जागी यंत्रमानव उभे राहतील. त्यांच्या आगमनाने घाबरून जाण्याचे किंवा हुरळून जाण्याचे कारण नाही. ती साधने गोळा करतील ती माहिती कोणाच्या ताब्यात राहणार, आणि वाचलेल्या श्रमाचा लाभ कोणाला मिळणार, हे दोन प्रश्न त्यांच्या आगमनापूर्वी विचारले गेले पाहिजेत. बाणगंगेकाठच्या सामान्य शेतकऱ्यांनी १९९० च्या दशकात हाच प्रश्न पाण्याबाबत विचारला, आणि शासनाला उत्तर देणे भाग पडले. तो प्रश्न आता कारखान्याच्या फाटकापर्यंत आणि पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांपर्यंत नेण्याची जबाबदारी कार्यकर्त्यांची आहे.